उरलेल्यावर भागवणं

माल्पिकाच्या धक्क्यावर, ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी,
'दोउस इर्मान्स'चं पोट उघडून इंजिन बाहेर काढलं.
अकरा टन. क्रेनच्या साखळीला लोंबकळत,
काळं तेल ठिबकत ते वर आलं
आणि बोट पाण्यातून चार बोटं उचलली गेली.

शुर्शोने मांडीवर थाप मारली. "बघ, बाल्बीना, हलकी झाली!"
नवं इंजिन चारच टनांचं, पांढरं,
दवाखान्यातल्या कपाटासारखं.
"सात टनांची सूट मिळाली," तो म्हणाला,
"आता छतावर मोठा रहाट चढवू, जाळी दुप्पट ओढू."

मी वही उघडली.
कितीही वर्षं झाली तरी लोकांना हे पटवता येत नाही,
की ओझं उतरलं म्हणजे तोल सावरला असं नसतं.
कुठून उतरलं, ते विचारावं लागतं.

बोटीचं वजन एकशे सत्तेचाळीस टन.
तिचा गुरुत्वमध्य कण्यापासून दोन मीटर साठ.
गेलेले सात टन होते तळाशी, ऐंशी सेंटीमीटरवर.
मधलं अंतर एक मीटर ऐंशी.
सात गुणिले ते. बारा पूर्णांक सहा.
आता भागायचं.

शिकाऊ पोरं इथेच चुकतात,
एकशे सत्तेचाळीसने भागतात, सवयीने,
जणू अजून सगळं जागच्या जागी आहे.
भागायचं असतं उरलेल्याने.
एकशे चाळीस.

नऊ सेंटीमीटर.
तळातलं वजन गेलं की मध्य वर सरकतो,
तिकडे, जिथे आता जास्त उरलं आहे.
बेचाळीसचे तेहतीस झाले. नियमाला हवेत पस्तीस.
दोन सेंटीमीटर, शुर्शो.
तुझ्या करंगळीच्या नखापेक्षा थोडं जास्त.

तो कठड्याला टेकला.
"मला जाणवलं असतं का ते? समुद्रात?"
जाणवलं असतं. आधी छानच वाटलं असतं.
झोका लांब, मऊ; कॉफी सांडत नाही.
एका बाजूला कलून ती जरा रेंगाळते,
परत यायचं की नाही, असा विचार केल्यासारखी.
त्या मऊपणाला भ्यायचं.

बराच वेळ तो त्या अकरा टनांकडे बघत राहिला.
"आवेलीनो नव्वद किलोचा होता," तो म्हणाला,
"एकतीस वर्षं ह्याच्या शेजारी बसून. तो धरलास का?"

माणसं धरलेलीच असतात, मी म्हटलं.
पंचाहत्तर किलो प्रत्येकी, डेकच्या वर एक मीटर,
असं पुस्तकात आहे.

"पण तो डेकवर कधी आलाच नाही."

ह्यावर माझ्याकडे काही रकाना नव्हता.
मी पान उलटलं, पेन्सिलीला टोक केलं, उगाच.

छतावरचा जुना रहाटही मग उतरवला.
सहाशे किलो, वडिलांनी बसवलेला, गंजून अडकलेला.
उंचावरचं थोडंच काढलं की पुष्कळ खाली येतं:
बरोबर दोन सेंटीमीटर.
नव्या रहाटाचं नाव शुर्शोने पुन्हा घेतलं नाही.

शनिवारी वारा पडल्यावर परीक्षा.
सगळ्यांना उतरवलं. दोर सैल सोडले.
सिमेंटचे ठोकळे डावीकडून उजवीकडे नेले
आणि मासळीच्या कोठारात सोडला ओळंबा,
त्याचं टोक तेलाच्या बादलीत बुडवलेलं,
म्हणजे लवकर शांत व्हावं.

धक्क्यावर शुर्शो खिशात हात घालून उभा.
मी मोजत असताना हलायचं नाही, हे त्याला ठाऊक होतं,
म्हणून जमिनीवर असूनही
तो हलत नव्हता.

ओळंबा डोलत होता.
अजून डोलत होता.
मी पट्टीवर डोळा लावून थांबले.